मांडवातली टिटवी

पुंडलिकराव गावंडे कृषी सहायक म्हणून निवृत्त झाले आणि त्यांना एकाएकी किड्यांचा पुळका आला. छत्तीस वर्षं कळंब तालुक्यातल्या शेतांच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर उभं राहून कोणत्या अळीला कोणतं औषध मारायचं, हे त्यांनी लोकांना सांगितलं होतं. आता स्वतःच्या दारच्या गोडनिंबावर अळ्या पडल्या, तर "त्या अळ्या नाहीत, उद्याची फुलपाखरं आहेत," असं ते बायकोला बजावत. मग कोकिळाबाई वरणाच्या फोडणीपुरता गोडनिंब शेजारच्या विमलताईंकडून मागून आणत.

मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहून पुंडलिकरावांनी अंगणातली चांगली फरशी उखडली. तिथं गिट्टी पसरली, कडेनं रानगवत वाढू दिलं आणि जागोजागी पाण्याची मातीची भांडी ठेवली. पशुपक्ष्यांनी यावं, राहावं, संसार थाटावा, अशी त्यांची इच्छा होती. तीन महिन्यांत दोन सरडे आले आणि एक मुंगूस आलं. मुंगसाला जागा पसंत पडली नसावी. ते पुन्हा दिसलं नाही. तरी 'निसर्गमित्र' नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पुंडलिकराव रोज सरड्यांचे फोटो टाकत आणि दिवसभर दुर्बीण लावून लांबच्या झाडांवर पक्षी शोधत.

एप्रिलमधल्या एका सकाळी ते भांड्यांत पाणी घालायला गेले आणि त्यांच्या टकलावर सणसणीत टोला बसला. वर बघतात तो टिटवी. पायाशी बघतात तर गिट्टीतच, गिट्टीच्याच रंगाची चार अंडी. बाई किती दिवसांपासून तिथं बसत होती, देव जाणे. दुर्बिणीतून पायाजवळचं दिसत नाही.

पुंडलिकरावांना टकलाची कळ जाणवलीच नाही. त्यांनी फोटो काढला, खाली लिहिलं, 'अखेर विश्वास संपादन केला', आणि ग्रुपवर टाकला. अभिनंदनाचा पाऊस पडला.

"पाहिलं का?" ते कोकिळाबाईंना म्हणाले.

"पाहिलं. टिटवी दारात वरडनं चांगलं नसते म्हनते लोकं. पन थे जाऊ द्या. आपल्या सुरभीचं लग्न बावीस दिवसांवर आलं. मांडव कुठी टाकाचा?"

पुंडलिकरावांनी अंड्यांकडे पाहिलं, मग अंगणाकडे पाहिलं. अंडी बरोबर बोहल्याच्या जागी होती. गावातली दोन्ही मंगल कार्यालयं त्या तिथीला कधीच भरलेली. म्हणून तर लग्न दारात ठरलं होतं.

"थोडी सरकवून ठेवू," ते हळूच म्हणाले. तत्त्वांनाही थोडं सरकता आलं पाहिजे.

पण तासाभरात वनरक्षक अमरसिंग हजर झाला. तोही त्याच ग्रुपवर होता. त्यानं चार खुंट्या ठोकल्या, भोवती दोरी बांधली आणि हात जोडले. "साहेब, अंड्याले हात लावला तं केस होते. तुमाले काय सांगाचं? तुमी तं सोताच निसर्गमित्र."

"हो हो, प्रश्नच नाही," पुंडलिकराव म्हणाले. कोकिळाबाई घरात निघून गेल्या आणि भांडी जरा जोरात घासू लागल्या.

त्या दिवसापासून घराचा पुढचा दरवाजा टिटवीचा झाला. गॅसवाला सिलिंडर रस्त्यावरच ठेवून जाऊ लागला. घरची माणसं मागच्या दारानं, विमलताईंच्या अंगणातून ये-जा करू लागली. पुंडलिकराव हेल्मेट घालून पेपर आणायला जात. होणारे व्याही जेवणाचं ठरवायला आले, तेव्हा टिटवीनं त्यांची पांढरी टोपी उडवली. "पाहुणचार चांगला आहे," एवढंच ते बोलले.

मग शेजारच्या तांड्यावरचा धावजी आला. टिटवीनं अंडी किती उंचावर घातली, यावरून यंदाच्या पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांपैकी तो एक. दोरीबाहेर उकिडवा बसून त्यानं बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली.

"सपाटीले घातले न साहेब. पाऊस कमीच."

"पक्ष्याला काय कळतं पावसाचं, धावजी!"

"तुमाले कळत होतं काय? तुमी सांगतलं तवा पेरलं, आन दोनदा पेरा लागलं." धावजी जवळ सरकला. "एक काम करा. उचला आन स्लॅबवर ठेवून द्या. आमचंही साल बरं जाईन."

दुसऱ्या दिवशी धावजी आणखी सात जणांना घेऊन आला. तिसऱ्या दिवशी कोणीतरी शिडीच आणली. अंडी खुद्द आपल्यालाच हलवायची होती, हे विसरून पुंडलिकराव भर उन्हात, हेल्मेटवर छत्री धरून, दोरीपाशी पहारा देत बसले. वरून टिटवी टोचत होती, समोरून शेतकरी बोलत होते आणि मागून बायको बोलत नव्हती. तिसरं सगळ्यात जड होतं.

लग्नाला आठ दिवस राहिले, तेव्हा मांडवाला एकच जागा उरली: विमलताईंचं अंगण. भिंतीपासून भिंतीपर्यंत कोबा, गवताची काडी नाही. याच अंगणाचा फोटो पुंडलिकरावांनी ग्रुपवर टाकला होता, नाव न घेता, 'सिमेंटचं वाळवंट' म्हणून. विमलताई ग्रुपवर नव्हत्या. त्यांचा मुलगा होता.

"विमलताई, जरा विनंती होती..."

"हाव, कोकिळाबाई बोलल्या मले. माहं काई म्हननं नाई, भाऊजी. पन वाळवंटात लग्न चालन न तुमाले?"

"चालेल," पुंडलिकराव जमिनीकडे बघत म्हणाले.

मांडव झकास झाला. पडदे, गालिचा, दोन मोठे कूलर. लग्नाच्या सकाळी सगळे आवरण्यात होते, तेवढ्यात सुरभी हळदीच्या हातांनीच खिडकीत आली आणि ओरडली, "बाबा, पिल्लं!"

सरकीएवढे डोळे आणि काडीएवढे पाय असलेली चार पिल्लं गिट्टीतून निघाली होती. टिटवीची पोरं घरट्यात रमत नाहीत. अंगावरचं ओलं वाळलं की चालू लागतात. ती फाटकाखालून बाहेर पडली, वळली आणि थेट विमलताईंच्या मांडवात शिरली. आत सावली होती, गारवा होता. चौघं कूलरसमोरच्या गालिच्यावर, नवरा-नवरीच्या खुर्च्यांखाली जाऊन बसली. मागोमाग आईबाप आले. बँडवाले पहिले पळाले. भटजी पूजेचं ताट डोक्यावर धरून बाहेर आले.

वऱ्हाड दारात आलं होतं. मुहूर्त अकरा चाळीसचा. अमरसिंग पाहुणा म्हणून आला होता, नवा सदरा घालून. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं उसासा टाकला आणि गाडीतून दोरी काढली.

"किती दिवस?" व्याह्यांनी विचारलं.

"उडाले लागेतवर. महिनाभर."

कोकिळाबाईंनी पदर खोचला. "मंग आपलं आंगन तं मोकयं झालं न? चला समदे!"

आणि लग्न लागलं गिट्टीवर, चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात. पावलं भाजत होती म्हणून वऱ्हाडी आळीपाळीनं एकेक पाय उचलत होते. लांबून पाहणाऱ्याला ते आनंदानं नाचताहेत असं वाटलं असतं. भटजींनी मंगलाष्टकं दोनच म्हटली. शेजारी, रिकाम्या मांडवात, पडदे हलत होते, कूलर चालू होते आणि गालिच्यावर सहा जण आरामात बसले होते.

निघताना सुरभी वडिलांच्या पाया पडली. "बाबा, तुमच्या पाहुण्यांचं सगळं नीट झालं न?" ती हसत म्हणाली. पुंडलिकरावांना हसायचं होतं, पण ओठ भलतीकडेच वळले. त्यांनी घाईघाईनं उपरण्यानं घाम पुसला. घाम फक्त डोळ्यांनाच आला होता.

जूनमध्ये 'निसर्गमित्र'नं तालुक्यातल्या पहिल्या 'पक्षीस्नेही अंगणा'ची निवड जाहीर केली. मांडवातल्या पिल्लांचा फोटो सगळीकडे फिरला होता. अंगण विमलताईंचं होतं. शाल आणि श्रीफळ द्यायला ग्रुपचे ज्येष्ठ सदस्य म्हणून पुंडलिकरावांना बोलावलं.

"हे तुम्हाला कसं साधलं, दोन शब्द सांगा," कोणीतरी माईक पुढे केला.

विमलताई लाजल्या. "मी काई नाई केलं, बावा. कूलरमंदी पानी टाकत होती."

पहिल्या रांगेतल्या दोघांनी ते वहीत लिहून घेतलं.