जनामायच्या अक्षता

लोक सिनेमाला जाताना काय नेतात? शेंगा, फुटाणे, फार तर बुडाखाली घ्यायला गोणपाट. आमच्या कोरीट गावची जनामाय पदराला गाठ मारून अक्षता न्यायची. आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या. चिमूटभर नव्हे हो, चांगली शेरभर ज्वारी! आणि ती सगळी पडद्यावर उधळून रिकाम्या पदराने घरी यायची.

जनामाय आमची शेजारीण, दोन घरांत भिंत एकच. अंगाने वाळकी, पण आवाज असा की नाल्यापलीकडच्या बैलाला हाक मारली तर बैल मान वळवून बघायचा. नवरा तरुणपणीच गेलेला. एकुलती लेक कमळी, ती लग्न होऊन नवापूरकडे नांदत होती.

लढाईचे दिवस होते ते. ज्वारीची खळी उरकली की नंदुरबारला मैदानात तंबूतला सिनेमा यायचा. बोलपट दरसाल तोच. लोकच तो मागायचे, दुसरा लावला तर ओरडायचे. गोष्ट साधीच. बिनआईचं घर, पाठोपाठची भावंडं, आणि थोरली बहीण त्यांना गाणी म्हणत वाढवते. दळताना गाणं, न्हाऊ घालताना गाणं, धपाटा घातला तरी वर गाणं. शेवटी त्या पोरीचं लग्न. झालं. पण आमच्या विहिरीवर एकीने ओळ काढली की दुसरी पलीकडच्या काठावरून ती पुरी करायची, इतकी ती गाणी गावात मुरली होती. बोलपटाचं नाव मात्र जनामायने कधी घेतलं नाही. ती नुसतं म्हणायची, "लगीन."

तंबू आल्याचं कळलं की गल्लीत घरोघर आवतण. "चाला वं बायाहो, परवा लगीन शे. आपलं घरनं कार्य शे, मांगे ऱ्हाऊ नका."

माझे वडील तिला चिडवायचे. "जनाबाय, त्या पोरनं लगीन गये सालबी व्हयनं ना! कितला दाव उजवशी तिले?"

"तुम्ही काल भाकर खादी ना भाऊ? मंग आज काब्र खातस?"

यावर वडील बैल जुंपायला उठायचे.

अक्षता रंगवायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेन. जनामाय ज्वारी पाखडून, खडा न् खडा वेचून ताटात घ्यायची आणि ताट माझ्यापुढे सरकवायची. "कुकू तू लाव, चंपे. तुन्हा हात चालस." मला आपलं वाटायचं, माझा हात हलका आहे म्हणून म्हणते.

तंबू यायला लागल्यापासून तिसऱ्या सालची गोष्ट. दिवेलागणीला खेळ सुरू झाला. मध्ये कनात, एकीकडे बाया, एकीकडे पुरुष. जनामाय सगळ्यांत पुढे, मी तिला चिकटून. लग्नाचा भाग आला, पडद्यावर अंतरपाट धरला गेला, तिथल्या भटजीने सूर लावला आणि जनामाय ताडकन उभी राहिली. मागच्या यंत्राचा झोत तिच्यावर पडला. पडद्यावरच्या नवरीच्या डोक्यावर जनामायच्या हाताची ही एवढी मोठी सावली!

"खाले बठ वं माय!" पुरुषांकडून ओरडा झाला. ज्वारीची पहिली मूठ वाऱ्यावर तिकडेच गेली होती, कुणाच्या टोपीत, कुणाच्या मानेत.

तंबूचा मालक सुरतेकडचा. तो धावत आला. "अरे माजी, बेसी जाव ने! दाण्यावर उंदर येते, मारी कनात खाय छे! आ तो शिनेमा छे, लगन नथी!"

"लगीन नही? मंग तो भट तठे काय भजी तळी ऱ्हायना का?"

सगळा तंबू हसला. आणि त्या हसण्यातच फट् आवाज झाला, फीत तुटली. पडदा पांढराफटक.

मालकाने हात वर केले. शेवटच तर राहिला होता, जा आता घरी, म्हणाला. पुरुष धोतरं झटकत उठू लागले. तेव्हा कुठे जनामाय खाली बसली. मांडी घालून.

"पोर बोहल्यावर उभी शे, आन तिले अर्धी सोडीसन जाऊ का? मी नही उठस."

ती उठेना, म्हणून तिच्या मागची उठेना. तिच्या मागची तरी कशी उठणार? बघता बघता साऱ्या बाया बसल्या. मग कुणीतरी ते लग्नाचंच गाणं काढलं. समोर काही नाही, कोरा पडदा, आणि सगळ्या बाया त्याच्याकडे बघून गातायत. पुढच्या कडव्याला कनातीपलीकडून पुरुषांनीही सूर धरला. मालकाने कपाळाला हात लावला आणि फीत चिकटवायला गेला.

त्या गाण्यात मी हळूच विचारलं, "जनामाय, कमळीच्या लग्नातही एवढ्या अक्षता टाकल्या होत्यास?"

"टाक्या नहीत." ती पडद्याकडेच बघत होती. "मी कोठडीमा व्हती. दार लाई लिधं व्हतं. रांडमुंडनी सावली पडू नही ना पोरवर. मंगलाष्टकं आयकी. पोर काही देखी नही."

तिने पदराची गाठ चाचपली आणि मला कोपराने ढोसलं.

"आठे बरं शे. आंधारामा कोन रांडमुंड, कोन सवासीन, कोन देखस वं?"

पडदा उजळला. जनामाय उभी राहिली. या वेळी कुणी "खाले बठ" म्हटलं नाही.

पुढच्या वैशाखात माझं लग्न ठरलं. मांडव आमच्या दारात. जनामाय चार दिवस राबली. पापड तिचे, पाणी तिचं, पाहुण्यांना दटावणंही तिचंच. मुहूर्त जवळ आला तशी, कुणी सांगायच्या आत, आपणहून आमच्या कोठडीत जाऊन बसली. कोठडीचं दार मांडवातच उघडायचं. ते तिने आतून ओढून घेतलं.

मी अंतरपाटाआड मान खाली घालून उभी. पहिलं मंगलाष्टक संपलं, समोरून लाल ज्वारी बरसली. दुसरं संपलं, आणि माझ्या मानेवर मागून टपटप काही पडलं. एक दाणा घरंगळून हातावर आला. पांढरा. कुंकू न लावलेला. लावणार कोण? लावणारी तर बोहल्यावर उभी!

आई माझ्या शेजारी होती. तिने तो दाणा बघितला. मग कोठडीच्या दाराकडे बघितलं. ते चार बोटं किलकिलं होतं. आईने अक्षतांचं ताट उचललं आणि माणसांतून वाट काढत निघाली.

"वहिनी, तिकडे कोठे?" आत्याबाई कुजबुजल्या.

"आपलं घरनं कार्य शे," आई म्हणाली आणि तिने दार सताड उघडलं.

पुढच्या "सावधान"ला मागून लाल ज्वारी अशी आली की भटजींचा श्लोक तुटला आणि ते कान झाडत मागे वळले. मीही वळले. नवरीने वळू नये म्हणतात. दारात, भर उन्हाच्या उजेडात, जनामाय उभी होती आणि ताटातून दुसरी मूठ भरत होती.