उंबरठ्याचं विसर्जन

पुस्तक शेवटी कोरडंच निघालं, धरण जागच्या जागी राहिलं, पुण्याच्या नळांना पाणी आलं आणि राकेशला शाळा सोडल्याचा दाखलाही मिळाला.

हे तुम्ही वाचलेलं नाही. यातलं काहीही झालेलं नाही असं समजू या, आणि दहावीचा शेवटचा पेपर संपला तिथून सुरुवात करू या.

भूगोलाचा पेपर देऊन राकेश बाहेर आला तो लढाई जिंकून आल्याच्या थाटात. वास्तविक त्यानं नकाशात भाक्रा-नांगल केरळात दाखवलं होतं. पण आज त्याला पर्वा नव्हती.

"मैत्री, आज विसर्जन!" त्यानं फाटकातच जाहीर केलं.

"कुणाचं?"

"तिचं!"

'ती' म्हणजे 'उंबरठ्यापलीकडचा वैशाख'. मराठीतली अजरामर कादंबरी. अजरामर अशासाठी, की अभ्यासक्रम कितीदा बदलला तरी ती मरत नव्हती. कादंबरीचा नायक पहिल्या प्रकरणात उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. नवव्या प्रकरणात तो उंबरठा ओलांडावा की नाही याचा विचार करायला लागतो. मधल्या प्रकरणांत त्याची आई त्याला जेवायला बोलावते आणि तो जात नाही. यावर दरवर्षी प्रश्न यायचे. 'उंबरठा कशाचे प्रतीक आहे?' 'आई कशाचे प्रतीक आहे?' एका वर्षी तर 'आमटी कशाचे प्रतीक आहे?' असाही आला होता, आणि वर्गातल्या हुशार मुलांनी पुरवण्या जोडल्या होत्या.

राकेशचा राग दुप्पट होता, कारण त्याच्या घरीही कादंबरीचा माणूस बसलेला होता. वडील दशरथराव पाटबंधारे खात्यात कारकून. राकेशनं नुसती जांभई दिली तरी ते म्हणायचे, "या कादंबरीनं मला घडवलं! तीनदा वाचलीय मी. आम्ही रडलो होतो ती वाचून. तुमच्या पिढीला रडता तरी येतं का?"

भीतीपोटी राकेशनं ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. त्याच्या स्वतःच्या प्रतीतली बरीचशी पानं वर्षभरात विमानं होऊन उडून गेली होती, म्हणून त्यानं शाळेच्या ग्रंथालयातून दुसरी प्रत आणली. ग्रंथपाल आनंदीबाईंनी बजावलं होतं, "पुस्तक परत नाही, तर दाखला नाही. आणि हीच प्रत हवी. शिक्क्यासकट." शाळेच्या नियमाप्रमाणे दोन्ही प्रतींना खाकी कव्हर होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. राकेशनं ठेवली नाही.

"आमच्या घरी विसर्जन नसतं," मैत्री म्हणाली. ती वारज्यात त्याच्याच इमारतीत राहायची. "पण हिच्यासाठी मी अपवाद करते. कुठे?"

"खडकवासला."

"राक्या, ते पाणी आपण पितो!"

"म्हणून तर सगळं शास्त्रशुद्ध करायचं!" राकेश छाती काढून म्हणाला. "पाटबंधाऱ्याचा मुलगा आहे मी. कागदाचा एक कण पाण्यात उतरणार नाही. बघच तू!"

वरच्या मजल्यावरचा संजयदादा हिंजवडीला कंप्युटरमध्ये होता. त्यानं फेकून दिलेला मोडेमचा खोका राकेशनं घेतला. त्यात खाकी कव्हरवालं पुस्तक ठेवलं, खोक्याला काळी प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली, पिशवीवर चिकटपट्टी मारली, त्या पट्टीवर आणखी चिकटपट्टी मारली. बांधायला सुतळी सापडेना. मग त्याच संजयदादाच्या मेलेल्या माउसची वायर आवळून बांधली. माउस शेपटासारखा लोंबत राहिला.

"वाहनसुद्धा आलं," मैत्री म्हणाली. "चल."

दोघं सायकली हाणत धरणावर पोचली. चौपाटीच्या पुढे, जिथे कुणी नव्हतं, तिथे त्यांनी खोका एका दगडावर ठेवला. राकेशनं स्वतः रचलेली आरती म्हटली. मैत्रीनं कंपासपेटी वाजवली. मग "पुढच्या वर्षी येऊ नका!" अशी आरोळी ठोकून राकेशनं खोका पाण्यात सोडला.

खोका बुडाला नाही.

इतकी जड कादंबरी तरंगेल असं कुणालाच वाटलं नसतं. पण चिकटपट्टीच्या आत हवा कोंडली गेली होती. खोका ऐटीत तरंगत, माउस मागे ओढत, धरणाच्या दरवाजांच्या दिशेनं निघाला. कादंबरीतला नायक आयुष्यभरात एवढा चालला नव्हता!

"जाऊ दे," मैत्री म्हणाली. "भजी खाऊ."

चंपामावशीच्या टपरीवर कांदाभज्यांची पहिली प्लेट संपली, दुसरी कागदात घेतली. पैसे काढायला राकेशनं दप्तरात हात घातला आणि हाताला खाकी कव्हर लागलं. त्यानं पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर नायकाच्या चित्राला त्यानं स्वतः काढलेली मिशी होती. मधली पानं नव्हती.

"मैत्री," तो हळूच म्हणाला, "माझी प्रत इथे आहे."

"मग पाण्यात कुठली गेली?"

राकेशच्या हातातलं भजं खाली पडलं.

"शिक्क्याची?" मैत्री म्हणाली. "अरे गाढवा! दाखला नाही म्हणजे अकरावी नाही! अकरावी नाही म्हणजे कंप्युटर नाही! जन्मभर उंबरठ्यावर बसशील!"

तेवढ्यात धरणाच्या भिंतीवर शिट्ट्या वाजायला लागल्या. पहारेकऱ्याला दरवाजांजवळ एक वस्तू दिसली होती. काळी, चिकटपट्टीनं गुंडाळलेली, वायर लोंबणारी. दिवस असे होते, की बसस्टॉपवर जेवणाचा डबा विसरला तरी पोलीस यायचे. इथे तर सगळ्या पुण्याचं पाणी, आणि पलीकडे लष्कराची प्रबोधिनी!

बघता बघता जीप आली. फौजदार सर्जेराव उतरले. पाठोपाठ दोरी आली, शिपाई आले, आणि दोरीच्या अलीकडे उभं राहायला शंभरएक माणसं आली. कुणीतरी बातमी आणली, की खबरदारी म्हणून शहराचं पाणी तोडणार आहेत. दुसऱ्यानं आणली, की सदाशिव पेठेत लोकांनी पातेली, बादल्या, प्रेशर कुकर आणि एकानं तर हेल्मेटसुद्धा भरून ठेवलंय.

सर्जेरावांनी एका गृहस्थाचा मोबाईल मागून घेतला आणि बाँबशोधक पथकाला लावला.

"लवकर बोला साहेब," गृहस्थ कळवळून म्हणाले. "आणि त्यांना उलटा फोन करू नका म्हणावं. इनकमिंगलाही पैसे पडतात!"

मग साक्षीदार म्हणून चंपामावशी पुढे झाली. "म्या टपरीवरनं बघितलंय सायेब! एक पोरगा हुता, एक पोरगी हुती. आरती म्हनली, पेटी वाजिवली, आन त्यो खोका सोडला पान्यात!"

"आरती?" सर्जेरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "बाँबची?"

"व्हय!"

"ही कुठल्या संघटनेची पद्धत म्हणायची?" त्यांनी हवालदाराला विचारलं. हवालदारानं वहीत 'आरती' असं लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

"तोंडं ओळखाल का?"

"न्हाई बा. चष्मा घरी राह्यला."

राकेशनं उरलेल्या भज्यांच्या कागदात तोंड लपवलं होतं. त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि तो श्वास परत आत घ्यायच्या आधीच पाटबंधारे खात्याची जीप येऊन थांबली. तिच्यातून काखेत फाईल मारून उतरले दशरथराव!

"साहेब, खात्यातर्फे आलोय," ते सर्जेरावांना म्हणाले. "पुढे काय?"

"पथक येतंय. आलं की लांबूनच उडवून देणार. एक धमाका, विषय संपला."

राकेशच्या डोळ्यांपुढे आनंदीबाई आल्या. मग दाखला आला. मग त्या दाखल्याच्या चिंधड्या उडून सगळ्या खडकवासल्यावर पसरलेल्या दिसल्या. एक शब्द बोललं तर बाबा सोलणार. नाही बोललं तर अकरावी उडणार.

"जा," मैत्रीनं त्याला कोपरानं ढोसलं. "ओलांड उंबरठा."

राकेश दोरीखालून पलीकडे गेला.

"साहेब, त्यात बाँब नाही. कादंबरी आहे."

"कुठली?"

बाँबच्या चौकशीत हा प्रश्न येईल असं राकेशला वाटलं नव्हतं. "उंबरठ्यापलीकडचा वैशाख," तो पुटपुटला.

सर्जेराव दोन पावलं मागे सरले. "सगळे मागे व्हा!" ते गर्दीवर ओरडले. "त्यापेक्षा बाँब बरा!"

"राकेश!" दशरथराव पुढे आले. "तू? ज्या कादंबरीनं तुझ्या बापाला घडवलं, ती तू पाण्यात..."

"बाबा, सॉरी! ग्रंथालयाची आहे हो! उडवली तर दाखला नाही मिळणार!"

सर्जेरावांचं राकेशकडे लक्षच नव्हतं. ते दशरथरावांकडे आदरानं बघत होते. "आपण वाचलीय? सगळी?"

"तीनदा."

"वा! मग एक सांगा. लहानपणापासून डोक्यात राहिलंय. मी दुसऱ्या प्रकरणात झोपलो तो थेट पोलिसभरतीलाच उठलो. शेवटी तो बाहेर पडतो का हो?"

दशरथरावांनी धरणाकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. पाणीपातळीच्या आकड्यांकडे त्यांनी इतकं निरखून पाहिलं, की खात्यात एवढ्या वर्षांत कधी पाहिलं नसेल.

"पडत... असावा," ते म्हणाले.

"बाबा!" राकेश किंचाळला.

"अरे, गाईड वाचायचो आम्ही! गाईडात शेवटचं पान नव्हतं!"

मग जे सुरू झालं ते थांबेना. हवालदार म्हणाला, "मी आईच्या पहिल्या हाकेलाच उठलो आणि जेवायला गेलो, तो परत पुस्तकाकडे आलोच नाही." मोबाईलवाले गृहस्थ म्हणाले, "मी बायकोला लग्नाआधी ती भेट दिली होती. ती अजून बोलून दाखवते." चंपामावशी म्हणाली, "माज्या पोरानं त्या बुकापायी शाळा सोडली, म्हून ही टपरी टाकली. लई बरकत हाय!" माणसं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायला लागली. आयुष्यभर आपण एकटेच मठ्ठ, असं प्रत्येकाला वाटत आलं होतं. आता पाहावं, तर सगळं धरण मठ्ठ!

"म्हणजे," सर्जेराव गर्दीकडे बघत म्हणाले, "शेवट कुणालाच माहीत नाही?"

"मला माहितीय," राकेश म्हणाला.

इतकी शांतता पसरली, की खोका भिंतीवर टकटक आपटतोय तेही ऐकू यायला लागलं.

"तो उंबरठा ओलांडतो," राकेश म्हणाला.

"शाब्बास!" दशरथराव ओरडले.

"आणि परत आत येतो."

"का?"

"बाहेर ऊन असतं."

सर्जेरावांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखे म्हणाले, "म्हणजे आपलं काहीच हुकलं नाही!"

होडी सोडून खोका बाहेर काढला. पट्ट्या कापता कापता हवालदाराची कात्री बोथट झाली. आत कादंबरी ठणठणीत कोरडी होती. शिक्क्यासकट! राकेशनं ती छातीशी धरली. या कादंबरीवर इतकं प्रेम याआधी कुणीच केलं नसेल. तेवढ्यात पथक पोचलं. प्रमुखानं हिरमुसून पुस्तकावरचं नाव वाचलं आणि हळूच विचारलं, "याचा शेवट काय हो?"

"ऊन असतं!" सगळी गर्दी एका सुरात म्हणाली.

सर्जेरावांनी दोघांना सज्जड दम दिला आणि शेवटी "पुन्हा बुडवायची असेल तर विहीर बघा" असं सांगून सोडून दिलं. जीपच्या मागे सायकली टाकून दशरथरावांनी दोघांना वारज्याला आणलं. इमारतीखाली उतरताना ते म्हणाले, "आम्ही रडलो होतो. ते खरं आहे."

दुसऱ्या दिवशी आनंदीबाईंनी शिक्का तपासला, पानं चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. "वाचलंस?"

"हो बाई. शेवटपर्यंत."

"खोटं बोलू नकोस. दाखला देते."

प्रकरण मिटलं. फक्त दशरथरावांना कार्यालयात लेखी खुलासा द्यावा लागला. पाणी शुद्ध आहे, मुलास समज दिली आहे, वगैरे. खुलासा लिहून झाल्यावर कागद उरला होता आणि हातही बसला होता. म्हणून त्यांनी खाली आणखी एक परिच्छेद लिहिला आणि त्याची प्रत परीक्षा मंडळाला पाठवली:

'उपरोक्त विषयास अनुसरून निदर्शनास आणून देण्यात येते की, सदर कादंबरीतील नायक हा केवळ उन्हामुळे घरात परत जात असून, त्यापायी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अनेक पिढ्यांना नाहक प्रतीके शोधावी लागली आहेत. सबब, पुढील आवृत्तीपासून सदर नायकास एक छत्री मंजूर करण्यात यावी, ही नम्र विनंती. छत्री उपलब्ध नसल्यास टोपी चालेल.'