हरिहर मास्तरांची उंच जागा

"सापडलेला उजेड धान्याच्या मापाखाली झाकून ठेवायचा नसतो. तो उंच जागी ठेवायचा, सगळ्या घराला दिसेल असा!" हरिहर मास्तरांनी छाती पुढे काढून जाहीर केले.

"आधी त्या कंदिलाची काच पुसा," त्यांच्या पत्नी सुमतीबाई म्हणाल्या. "आठ दिवस सांगतेय."

मास्तरांनी काच पुसली. निश्चय मात्र ढळला नाही.

साल अठराशे त्र्याहत्तर. मास्तर ठाण्याच्या एका मिशनचे उपदेशक होते. बाप्तिस्मा होऊन सहा वर्षे झाली होती, पण नाव बदलायचे ठरवता ठरवता राहून गेले. त्यामुळे ख्रिस्ताचा निरोप घेऊन हरि आणि हर दोघेही गावोगाव हिंडत. दर शनिवारी ते चालत बाळकुमच्या मिठागरांवर जात. तीन महिन्यांत त्यांना एक बहिरा म्हातारा आणि दोन कुत्री एवढे श्रोते मिळाले होते. त्यातला म्हाताराही हल्ली येईनासा झाला होता.

अशात पाद्रीसाहेबांची चिठ्ठी आली. पंधरा दिवसांनी ते जातीने बाळकुमला येणार होते. शेवटपर्यंत उपदेश ऐकणारी दहा माणसे दिसली नाहीत, तर मास्तरांनी उपदेश बंद करून खडवलीच्या शाळेत पाढे शिकवायला जावे.

"पाढे!" मास्तर खाटेवर बसले. "जगाच्या तारणाचा निरोप माझ्यापाशी, आणि मी बे एके बे म्हणू?"

"तुमचं कुठे चुकतं सांगू?" सुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही पडलात ठेंगणे. मिठाच्या ढिगापलीकडे दिसताच कुठे? लोकांना वाटतं ढीगच बोलतोय. कशावर तरी उभे राहा."

पुढच्या शनिवारी मास्तर उंच जागा शोधू लागले. बांधाच्या टोकाला एक छान सपाट दगड होता. मास्तरांनी पाय उचलला, तेव्हा दगडाच्या पलीकडच्या अंगाचा शेंदूर दिसला. उचललेला पाय त्यांनी तसाच खाली ठेवला. दुसऱ्याच्या देवावर उभे राहून आपला देव सांगणे त्यांना प्रशस्त वाटेना.

थोडे पुढे भिवाची बैलगाडी मिठाची पोती भरून उभी होती. मास्तर पोत्यांवर चढले, डोळे मिटले आणि बोलू लागले. डोळे मिटून बोलायची त्यांना सवय होती, कारण उघडे ठेवले की लोक जाताना दिसत. त्या दिवशी जीभ कधी नव्हे इतकी सैल सुटली. अंगाला झोके बसू लागले. आज आपल्यात खरेच काही संचारले आहे, असे मास्तरांना वाटले. अखेर "आमेन" म्हणून त्यांनी डोळे उघडले, तर समोर ठाण्याचा बाजाररस्ता, स्वतःचे घर, आणि दारात सूप घेऊन उभ्या सुमतीबाई.

"अरे भिवा! मला आधी उतरवायचंस तरी!"

"कसा उतरवू मास्तर?" भिवा कळवळून म्हणाला. "देवाचा नाव चाललेला. देव कुनाचा बी असंना, नाव घेनाऱ्याला मधी तोडलेला आमच्यात चालत नाय. पाप लागतं. मंग गाडी तेवढी हाकली."

"पुढच्या वेळी," सुमतीबाई तांदूळ पाखडत म्हणाल्या, "चाकं नसलेलं काहीतरी बघा."

चिठ्ठीतला शनिवार उजाडला. पाद्रीसाहेब छत्री आणि वही घेऊन बैलांच्या दमणीतून बाळकुमला उतरले. खाडीच्या काठाला मीठ भरून न्यायला मचवा लागला होता. जवळच मिठाचा मोठा ढीग होता आणि ढिगाशेजारी एक भक्कम, लोखंडी पट्ट्या मारलेले लाकडी खोके उपडे पडले होते. मास्तरांनी ते चारी बाजूंनी तपासले. चाके नव्हती. शेंदूर नव्हता. ते वर चढले.

आणि चमत्कार झाला. आधी पाच माणसे येऊन उभी राहिली. मग पंधरा. डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया थबकल्या. मचव्यावरून पोपट तांडेलसुद्धा खाली आला. बघता बघता चाळीस माणसे झाली. कोणी बोलेना, कोणी हलेना. मास्तरांनी प्रथमच डोळे उघडे ठेवले. सगळ्यांच्या नजरा खाली, मास्तरांच्या पायांकडे लागल्या होत्या.

"केवढी ही नम्रता!" पाद्रीसाहेब पुटपुटले आणि त्यांनी वहीत चाळीसचा आकडा लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

मास्तरांनी अर्ध्या तासाची तयारी केली होती. पण असे श्रोते पाहून त्यांनी थेट आदामापासून सुरुवात केली. नोहाच्या तारवापर्यंत येईतो ऊन डोक्यावर आले.

"आणि मग पाणी हळूहळू उतरू लागले!" मास्तर गरजले.

"उतरला, उतरला," पोपट तांडेल खाडीच्या ओसरत्या पाण्याकडे बघत म्हणाला आणि त्याने कपाळाला हात लावला. पाद्रीसाहेबांनी तेही वहीत टिपले.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट आली तेव्हा पाटीवाल्या सखुबाईने पदराने डोळे पुसले. मेंढपाळाला ते सापडले. मास्तर "आमेन" म्हणाले आणि चाळीस माणसांनी एकदम श्वास सोडला.

"विचारा," पाद्रीसाहेब वही मिटून म्हणाले. "त्यांच्या मनात काय आहे, विचारा."

"बायांनो, बाबांनो," मास्तरांनी हात पसरले, "तुमच्या मनात जे काही असेल ते भीड न धरता बोला!"

लोकांनी एकमेकांना कोपराने ढोसले. शेवटी सखुबाईला पुढे ढकलण्यात आले. तिने हात जोडले. पाद्रीसाहेबांनी टोपी काढली.

"मास्तर, त्ये मेंढरू गावला, लई बरा झाला. माझ्या जीवाला घोर लागलेला. फुडल्या शनवारी परत या."

"येईन, सखुबाई!" मास्तर खोक्यावर टाचा उंचावून म्हणाले. खडवली कुठल्या कुठे मागे पडली. "आणखी काही मागायचं असेल तर माग!"

"दुसरा काय नाय," सखुबाई संकोचून म्हणाली. "पोपट तांडेलाचा मचवा खोलंबलाय, नि मीठ मोजाचा माप गावात ह्ये येकच. आथा जरा खाली उतरता का?"