पोकळ खांब

खांबाजवळची खुर्ची मी स्वतः निवडली. चूक तेवढीच. बाकी सगळं त्यातून झालं.

मी गवंडी. चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्या. कोणाच्या कामाला उगाच चांगलं म्हटलं नाही. (बायकोच्या स्वयंपाकालाही नाही. ती ते विसरत नाही.) म्हणूनच नात म्हणाली, "आजोबा, बाकीचे नुसती वाहवा करतात. मी कशी वाजवते ते तुम्हीच खरं सांगा."

नात व्हायोलिन शिकते. युरोपातलं जुनं संगीत. चाळीस जण एकदम वाजवतात आणि समोर मास्तर छडी हलवतो. मारत कोणालाच नाही.

सभागृह दोनशे वर्षांचं. वर भलामोठा दगडी घुमट, खाली संगमरवरी खांब. कमानी बघून माझी मान वर गेली ती खाली येईना. सिमेंट नव्हतं तेव्हाचं काम. चुना आणि अक्कल. जवळून बघावं म्हणून खांबाला खेटून बसलो.

वादन सुरू झालं. संपलं असं वाटून मी दोनदा उठलो. बायकोने दोनदा सदरा ओढून बसवलं. मग फार हळू वाजायला लागलं. हाताला काम नव्हतं. सवयीने खांबावर बोट वाजवलं.

ठक.

"अहो, काय करताय?"

"खांब पोकळ आहे."

"असू दे."

"असू दे काय? वर घुमट आहे!"

खात्रीसाठी पुन्हा वाजवलं. मागून कोणीतरी 'शू' केलं. मी उभा राहिलो आणि परांचीवर उभं राहून जसा ओरडायचो तसा ओरडलो, "उठा! बाहेर व्हा! खांब गेलाय!"

संगीत थांबलं. दोनशे माणसं दाराकडे धावली. रखवालदार मात्र उलटा माझ्याकडे आला.

"काका, खांब लाकडी आहेत. वरून संगमरवराचा रंग. सूर घुमावा म्हणून आतून पोकळ ठेवलेत. घुमट भिंतींवर आहे."

"मी गवंडी आहे," मी म्हणालो.

"असाल," तो म्हणाला आणि दंडाला धरून मला बाहेर व्हरांड्यात बसवलं. बायको आतच राहिली. (माझ्याबरोबर आलेली नाही असं दाखवत.)

माणसं परत बसली. दाराच्या फटीतून एकटं व्हायोलिन ऐकू आलं. काय सांगू! एक सूर दुसऱ्याला असा भिडला की सांधा सापडेना. माझे डोळे भरले. (व्हरांड्यात धूळ होती.)

मध्यंतरात नात आली, सोबत वर्गातली एक मोठी मुलगी. मी छाती काढून म्हणालो, "पोरी, चांगलं काम! असं काम मी आयुष्यात ऐकलं नाही."

मोठी मुलगी लाजली. नात म्हणाली, "आजोबा, ते हिने वाजवलं. माझं आता आहे."

हातापाया पडून आत गेलो. रखवालदाराने मधोमध खुर्ची दिली, हात लांब केला तरी काही लागणार नाही अशी. नातीने वाजवलं. एका ठिकाणी अडखळली, पण सावरून घेतलं. देवाशपथ, चांगलं वाजवलं.

बाहेर आल्यावर तसं सांगितलं.

तिने व्हायोलिन पेटीत ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "राहू द्या, आजोबा. तुम्ही लाकडाला दगड म्हणता."