येळेश्वरच्या वेशीसाठी गिरोनात एक दिवस

येळेश्वर नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत गावच्या वेशीचं काय करायचं हा विषय पुन्हा आला, तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक यांचं एका मुद्द्यावर एकमत झालं. गावची वेस गावात राहून समजणार नाही. तिच्यासाठी परदेशी जावं लागेल.

वेस जुनी होती. काळ्या दगडाची, वर चुन्यात बसवलेली कमान, आणि आत दोन्ही बाजूंना पूर्वी पहारेकरी बसायचे त्या देवड्या. त्यातल्या एका देवडीत रंगूबाई बांगड्या भरायला बसायची. तिच्या आधी तिची सासू बसत असे. उसाच्या ट्रॉल्या वेशीतून जाताना घासायच्या, आणि वाढदिवसाचे मोठे फलक कमानीवर नीट मावत नसत. नगराध्यक्ष उदयसिंह यांचं नवं व्यापारी संकुल वेशीच्या नेमकं पलीकडं उभं राहत होतं. हा योगायोग होता, आणि सभेत त्याचा उल्लेख योगायोग म्हणूनच झाला.

नगरपरिषदेच्या अभियंता प्राची यांनी एक आराखडा केला होता. वेस आहे तशी ठेवायची, शेजारच्या मोकळ्या जागेतून रस्ता वळवायचा. जागा नगरपरिषदेचीच होती. आराखडा सर्वांना आवडला. आवडलेल्या गोष्टी नगरपरिषद ज्या कपाटात ठेवते, त्या कपाटात तो ठेवण्यात आला. कार्यालयात प्राचीला तेव्हापासून 'वेसबाई' म्हणू लागले.

सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका प्रवास कंपनीनं दौरा आखला. अभ्यासासाठी युरोपातल्या बऱ्याच नगरपालिकांना विचारणा झाली. उत्तर एकाच शहराकडून आलं. स्पेनमधल्या कातालोनिया भागातलं गिरोना. जुना तट, जुन्या गल्ल्या, जुनं चर्च, आणि आलेल्या पत्राला उत्तर देण्याची जुनी सवय. त्यामुळं दौऱ्यातला अभ्यास गिरोनातल्या एका दिवसात बसवण्यात आला. पॅरिस, स्वित्झर्लंड वगैरे उरलेले दिवस 'प्रवास व आनुषंगिक बाबी' या सदरात गेले.

प्रत्यक्ष त्या दिवशी बहुतेक सदस्य बार्सिलोनात बाजारपेठ व्यवस्थापनाचा अभ्यास करण्यासाठी मॉलमध्ये थांबले. गिरोनाच्या गाडीत बसले ते चौघं. अध्यक्ष उदयसिंह, उपाध्यक्ष बाळगोंडा, त्यांच्या पत्नी गुणमाला, ज्या महिला प्रतिनिधी म्हणून आल्या होत्या, आणि प्राची. प्राचीला नेलं होतं कारण इंग्रजी कुणीतरी बोलायला हवं होतं.

स्टेशनवर गिरोना नगरपालिकेच्या वारसा विभागातल्या बाई आल्या होत्या. त्यांचं नाव मोन्सेरात, सगळे मोन्से म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. गुणमालाकाकूंनी तिथल्या तिथं त्यांचं मानसीताई करून टाकलं, आणि दिवसभर त्या या नावाला हसत ओ देत राहिल्या.

मानसीताईंनी मंडळींना आधी नदीवर नेलं. पाण्याला लागून उभी असलेली पिवळी, केशरी, तांबूस घरं, आणि त्यांची पाण्यातली प्रतिबिंबं. अध्यक्षांनी पुलावर उभं राहून फोटो काढून घेतला. नदीत नेमकं काय सोडतात, असं बाळगोंडांनी विचारलं. काहीच सोडत नाही, हे कळल्यावर त्यांनी तो विषय सोडला.

मग चढणीच्या अरुंद गल्ल्या, दगडी जिने. इथं शेकडो वर्षांपूर्वी ज्यू लोकांची वस्ती होती, त्यांना देश सोडावा लागला, आता त्यांच्या गल्ल्या नीट जपल्या आहेत, असं मानसीताई सांगत होत्या. या गल्ल्यांतून ट्रॅक्टर कसा नेतात, अशी शंका अध्यक्षांनी काढली. नेत नाहीत, असं उत्तर आलं. अध्यक्षांनी शहराच्या मागासलेपणाबद्दल मराठीत खेद व्यक्त केला. प्राचीनं इंग्रजीत आभार मानले.

कॅथेड्रलच्या रुंद पायऱ्या चढून गुणमालाकाकूंना दम लागला. त्या मध्येच बसल्या, पिशवीतून भडंग काढलं आणि मानसीताईंनाही दिलं. आपल्या बाहुबलीच्या डोंगराला याहून जास्त पायऱ्या आहेत, आणि तिथं लोक अनवाणी चढतात, असं त्यांनी सांगितलं. दिवसभरात येळेश्वरकडून गिरोनाला मिळालेली ही एवढीच माहिती.

पायऱ्यांच्या खालच्या बाजूला, दुसऱ्या एका चर्चजवळ, खांबावर चढणारी दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचं चुंबन घेतलं की माणूस गिरोनाला परत येतो, अशी तिथली समजूत. पोचायला दोन लोखंडी पायऱ्याही केल्या आहेत. प्राचीनं हे भाषांतर थोडं चाचरत केलं.

अध्यक्ष विचारात पडले. विरोधी पक्षनेते धैर्यशील यांच्या हाती असा फोटो लागला तर काय, हा एक विचार. परत येता येईल, म्हणजे पुढच्या वर्षीचा दौरा, हा दुसरा. दुसरा विचार जड ठरला. त्यांनी टोपी काढून बाळगोंडांकडं दिली, पायऱ्या चढले आणि विधी उरकला. फोटो बाळगोंडांनीच काढला, आणि तो येळेश्वरच्या ग्रुपवर चुकून गेला. धैर्यशील यांनी तासाभरात जाहीर निषेध केला. अभ्यासदौऱ्यात विरोधकांना प्रतिनिधित्व नव्हतं, हा त्यांचा आक्षेप होता.

उतरल्यावर अध्यक्षांनी सिंहिणीचं वय विचारलं. मानसीताई म्हणाल्या, मूळ मूर्ती फार जुनी आहे, पण ती संग्रहालयात सांभाळून ठेवली आहे. इथं आहे ती तिची नक्कल. बाळगोंडांनी हे प्राचीकडून पुन्हा एकदा विचारून पक्कं करून घेतलं.

"म्हंजे लोक नकलेचाच मुका घेत्यात?"

"हो अण्णा."

"आन तरीबी परत येत्यात," बाळगोंडा म्हणाले, आणि त्यांनी नकलेचा आणखी एक फोटो काढून घेतला.

दुपारी मंडळी तटावर चढली. तटाच्या माथ्यावरून चालायची वाट आहे. एका हाताला कौलारू छपरं, चर्चचे मनोरे, दुसऱ्या हाताला झाडी आणि लांबवर निळे डोंगर. पाकोळ्या तटाच्या खालून वर सूर मारत होत्या. वारा होता. प्राची सगळ्यांच्या पुढं चालत होती. दगडांच्या सांध्यात चुना कसा भरलाय ते ती वाकून बघत होती, हात लावून बघत होती. आपल्या आराखड्यात याहून वेगळं काही नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला खूप बरं वाटलं. मागं वळून बघितलं तर अध्यक्ष तटाच्या कठड्याला टेकून उभे होते. फोन खिशात होता. त्या माणसाला फोन खिशात ठेवून उभं असलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, लय भारी हाय हे," अध्यक्ष म्हणाले. "आपल्याकडं आसं का न्हाई?"

"आपल्याकडं वेस आहे, साहेब."

"हाय. पण ती जुनी हाय."

"हाही जुनाच आहे."

अध्यक्षांनी तटावरून हात फिरवला. "ह्यो जुना आसून नवा दिसतो. आपली जुनी आसून जुनीच दिसती."

तरीही प्राचीला वाटलं, माणूस हललाय. परत गेल्यावर कपाट उघडेल. तटावरून उतरेपर्यंत ती मनातल्या मनात रस्त्याची वळणं नक्की करत होती.

संध्याकाळी जेवायला खालच्या चौकात बसले. सूर्यास्ताआधी जेवायचा गुणमालाकाकूंचा नेम त्या देशात कसा सांभाळायचा, अशी काळजी निघताना घरच्यांना होती. तिथं सूर्य रात्रीच्या जेवणानंतरही मावळेना, त्यामुळं काकू निवांत होत्या. मानसीताई मात्र जेवता जेवता गंभीर झाल्या. तुम्ही तुमच्या वेशीसाठी इतक्या लांबून आलात, तर तुम्हाला खरं तेच सांगायला हवं, असं म्हणून त्यांनी सांगायला सुरुवात केली. शहर वाढत होतं, तट आड येत होता, म्हणून शंभरेक वर्षांपूर्वी त्याचा मोठा भाग शहरानंच पाडला. पुढं लोकांना फार वाईट वाटलं. मग उरलेला जपला, काही भाग नव्यानं बांधून काढला. तुम्ही आमच्यासारखी चूक करू नका, हे सांगण्यासाठी मी आज सुट्टी असून आले, असं त्या म्हणाल्या.

प्राचीनं भाषांतर केलं. एक शब्द गाळला नाही. आपल्या बाजूनं इतकं चांगलं कुणी बोलेल अशी तिची अपेक्षाच नव्हती.

अध्यक्षांनी घास खाली ठेवला.

"म्हंजे ह्यांनी आधी पाडला."

"हो, पण साहेब, त्याचा त्यांना पश्चात्ताप झाला."

"आन मग बांधला."

"थोडा भाग. पश्चात्ताप झाला म्हणून."

बाळगोंडा समजावणीच्या सुरात प्राचीला म्हणाले, "पण ताई, पाडल्याबिगर पश्चात्ताप हुईल कसा?"

अध्यक्षांनी प्राचीला मानसीताईंना एवढंच विचारायला सांगितलं की तट पाडला नसता तर हे शहर एवढं वाढलं असतं का. मानसीताई प्रामाणिक होत्या. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, बहुधा नाही. अध्यक्ष उठले, टेबलाला वळसा घालून गेले आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या मोकळ्या मनाचे अधिकारी आपल्याकडं मिळत नाहीत, असं त्यांनी प्राचीला सांगायला लावलं. मानसीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. येळेश्वरची वेस वाचली, असं त्यांना वाटलं.

परत आल्यावर प्राचीनं अहवाल लिहिला. वेस का पाडू नये, हे तिनं गिरोनाच्या अनुभवावरून सविस्तर मांडलं. सभेनं अहवाल टाळ्यांच्या गजरात स्वीकारला आणि त्यातली दोन वाक्यं ठरावात घेतली. गिरोना शहरानं तटाचा मोठा भाग पाडला. पुढं काही भाग नव्यानं बांधला. ठरावाचं नाव 'गिरोना पद्धत' असं पडलं, आणि तिचे तीन टप्पे ठरले: पाडणे, पश्चात्ताप, पुनर्बांधणी. गिरोनाला पश्चात्तापाला शंभर वर्षं लागली, तेवढी सवड आपल्याला नाही, म्हणून हा टप्पा एका बैठकीत उरकावा, असं बाळगोंडांनी सुचवलं. पुनर्बांधणी फायबरमध्ये करावी, कारण युरोपातसुद्धा लोक नकलेवर समाधानी असतात, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. पुढच्या दौऱ्यात विरोधकांना जागा ठेवण्याचं ठरल्यावर धैर्यशील यांनी अनुमोदन दिलं.

पाडकामावर देखरेखीसाठी जाणकार अधिकारी हवा होता. गिरोना पाहिलेली एकच अधिकारी गावात होती. प्राचीनं बदली मागितली. ती तातडीनं मंजूर झाली, काम पूर्ण झाल्यावर सोडण्याच्या अटीवर.

पाडकामाच्या आदल्या दिवशी ती रंगूबाईकडं गेली. नोटीस लावायला शिपाई येणारच होता, पण तिला स्वतः सांगायचं होतं. दुपारची वेळ, देवडीत गारवा होता. रंगूबाईनं सगळं ऐकून घेतलं, प्राचीचा हात ओढला आणि न विचारता त्यात हिरव्या बांगड्या भरायला घेतल्या. पैसे घेईना. प्राची म्हणाली, संकुलात तुम्हाला गाळा मिळावा असं मी लिहिलंय.

"आवं बाई, माझं काय," रंगूबाई म्हणाली, "मी टोपली उचलून कुठंबी बसंन. ह्या येशीला उचलून कुठं न्हेशीला?"

शेवटची बांगडी चढवताना टिचली. रंगूबाईनं काच वेचून पदरात बांधली, दुसरी चढवली. प्राची उठली तेव्हा तिला रंगूबाईकडं बघवलं नाही.

वेस लवकर पडली नाही. सकाळी लावलेली मशिनं दुपारपर्यंत नुसती ओरखडे काढत होती. चुना इतका धरून होता की दगड फुटायचा, पण सांधा सुटायचा नाही. ठेकेदार प्राचीला म्हणाला, मॅडम, ही एवढी मजबूत आहे हे कुणी सांगितलं नाही. प्राची म्हणाली, मी सांगितलं होतं. संध्याकाळी कमान आली खाली. दगडांची विल्हेवाट नियमानुसार लागली. त्यातले बरेचसे पुढं काही सदस्यांच्या शेतातल्या बंगल्यांच्या कुंपणांत सुस्थितीत दिसले.

पश्चात्ताप पुढच्याच सोमवारी झाला. सदस्यांनी दोन मिनिटं उभं राहून मौन पाळलं आणि चहा झाला. दिवाळीला फायबरची वेस उभी राहिली. जुन्या वेशीपेक्षा रुंद, रंगानं तिच्याहून काळी, रात्री तिच्यावर जांभळे दिवे. रविवारी आष्ट्याहून, विट्याहून, पार सांगलीहून लोक सहकुटुंब फोटो काढायला येऊ लागले. संकुलातले गाळे भराभर गेले. रंगूबाई एसटी स्टँडच्या बाहेर बसते. तिथं ऊन फार आहे.

प्राची आता साताऱ्याला पाणीपुरवठ्याकडं आहे. मध्यंतरी तिला मानसीताईंचा मेल आला. वेशीचं काम कसं चाललंय, जमलं तर एखादा फोटो पाठव, असं त्यांनी लिहिलं होतं. तिनं उत्तर लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. शेवटी गुणमालाकाकू आठवण काढतात एवढं लिहून पाठवलं.

वेशीचे फोटो नव्हते असं नाही. ती पाडत होते तेव्हा सगळं गाव जमलं होतं. अडवायला कुणी पुढं झालं नाही, कारण दोन्ही हात फोन धरण्यात गुंतले होते. त्या दिवशीचे बरेच व्हिडिओ निघाले. सगळ्यात गाजला तो कुणीतरी समोरच्या गच्चीवरून काढलेला. त्याला मागं एक उदास सनई जोडली होती. खाली लोकांनी रडके चेहरे टाकले, आपला इतिहास आपणच पुसतोय असं लिहिलं आणि पुढं धाडला. सांगलीत फिरला, साताऱ्यात फिरला, मग सगळीकडं गेला.

तुम्हालाही आला होता. तुम्ही हळहळलात, आणि कमान नेमकी सुटते ती जागा मागं घेऊन पुन्हा एकदा पाहिलीत.