चोरी पटत नाही

मुनीब सरांच्या कादंबरीला गुरुवारी मधल्या सुट्टीत दोन तारे मिळाले आणि तिथून त्यांची झोप उडाली.

सर बजाजनगरच्या एका खासगी शाळेत मराठी शिकवत. मुळात स्वभाव भित्रा. फळ्यावर खडू करकरला तरी दचकत. अशा माणसानं कुमारांसाठी चोरीची अद्भुतरम्य कादंबरी लिहावी हेच मोठं अद्भुत होतं, पण त्यांनी ती लिहिली होती. ‘सात कुलपं आणि एक घुबड.’ पाच पोरं आणि एक बोलणारं घुबड मिळून राणी चंडप्रभेच्या तिजोरीतून चंद्राचा तुकडा पळवतात, अशी गोष्ट. वाचनाच्या एका अ‍ॅपवर त्यांनी ती ‘निशाचर’ या नावानं टाकली होती. टोपणनाव घेण्याला कारण होतं. राणी चंडप्रभा रागावण्याआधी चष्मा काढून टेबलावर ठेवायची, आणि मुख्याध्यापिका रत्नमाला मॅडमही अगदी तसंच करायच्या.

आतापर्यंत कादंबरीवर वाचकांची सहा मतं आली होती. चार मतं सरांच्या बायकोनं, आफरीननं, चार वेगवेगळ्या नावांनी लिहिली होती आणि चौघींनाही पुस्तक बेहद्द आवडलं होतं. पाचव्या वाचकानं ‘घुबड मस्त, बाकीचे लोक कमी करा’ असं कळवलं होतं. सहाव्यानं मोबाईल हँग झाला म्हणून एकच तारा दिला होता. सातवं मत ‘पुस्तकप्रेमी’ नावाच्या कुणाचं होतं.

‘भाषा बरी. पण चोरी पटत नाही. एवढी मोठी राणी तिजोरीची किल्ली दरबारातल्या उघड्या सुरईत ठेवेल? इतकी निष्काळजी बाई जबाबदारीच्या पदावर टिकेलच कशी? लेखकानं कुलूपबंद कपाट तरी कधी पाहिलंय का?’

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस भित्रा असला तरी लेखक होता. पाचवा तास मोकळा होता. त्यांनी स्टाफरूमच्या कोपऱ्यात बसून उत्तर लिहिलं, ‘माझ्या माहितीतल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका कपाटाची किल्ली टेबलावरच्या खो-खोच्या चषकात ठेवतात.’

पुस्तकप्रेमीचं उत्तर लगेच आलं. ‘असेल. पण त्या कपाटात जुनी हजेरीपत्रकं असतील.’

‘दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर असतात,’ सरांनी ठणकावलं. ‘आणि किल्लीचीही गरज नाही. हँडल वर उचलून दाराला गुडघा मारला की कपाट उघडतं.’

‘पण मुख्याध्यापिकेच्या खोलीत सतत कुणी ना कुणी असणारच.’

‘परिपाठाला सगळी शाळा मैदानावर असते. पावणेअकरा ते अकरा.’

जरा वेळानं दोन ताऱ्यांचे पाच तारे झाले आणि खाली ओळ उमटली, ‘आता पटलं. उद्याच करून बघायला हवं.’

सर पाच तारे बघून सुखावले. सहाव्या तासाला वर्गात शिरताना त्यांना ती शेवटची ओळ पुन्हा आठवली, आणि मग मात्र ते दारातच थबकले. सोमवारपासून दहावीची सराव परीक्षा होती. समोर दहावीची पन्नास पोरं बसली होती आणि त्यांच्यातला प्रत्येक जण त्यांना पुस्तकप्रेमी वाटू लागला. पुस्तकाकडे कधी ढुंकूनही न बघणारे तर जास्तच.

घरी पोचताच त्यांनी सगळं आफरीनला दाखवलं. ती डोक्याला हात लावून बसली.

“तुमाला कोण बोला था जी एवढं सगळं लिहायला?”

“तो म्हणाला, चोरी पटत नाही.”

“नाही पटत तर नक्को पटू दे! लोकांना पटावं म्हणून काय खरे दरोडे घालून दाखवायचे?”

“आता लगेच काढून टाकतो.” सरांनी बटण दाबलं. अ‍ॅपनं त्यांची विनंती नम्रपणे स्वीकारली आणि बहात्तर तासांत विचार करू असं कळवलं.

“म्हणजे उद्या पेपर फुटणार,” आफरीन म्हणाली. “मग पोलीस येणार. ते मोबाईल तपासणार. कपाट कसं उघडायचं ते कुणी शिकवलं, तर मुनीब सरांनी. नोकरी गेलीच समजा.”

“धीर दे ना जरा.”

“धीरच देतेय. जेल होणार नाही, एवढं नक्की. बहुतेक.”

मॅडमना आधीच सांगून टाकावं हा सरळ मार्ग होता, आणि तो सरांनाही सुचला होता. पण सांगायचं तर निशाचर कोण ते सांगावं लागलं असतं, मग मॅडमनी कादंबरी वाचली असती, मग राणी चंडप्रभा वाचली असती, आणि मग चष्मा काढून टेबलावर ठेवला असता. रात्रभर त्यांनी दाराची कडी चार वेळा तपासली. चोरी शाळेत व्हायची होती, घरात नव्हे, हे त्यांना दर वेळी अंथरुणात परत आल्यावर आठवायचं.

शुक्रवारी परिपाठाची घंटा झाली. पोट बिघडल्याचं सांगून सर मागं राहिले आणि मैदान भरताच मुख्याध्यापिकेच्या खोलीत शिरले. कपाटावर नुसती नजर ठेवायची, एवढाच बेत होता. पण पाच मिनिटं गेली तरी चोर येईना, तेव्हा त्यांच्या मनात वेगळीच भीती शिरली. तो आधीच येऊन गेला असेल तर? त्यांनी हँडल वर उचललं, गुडघा मारला. कपाट उघडलं. मधल्या कप्प्यात सुतळीनं बांधलेलं जाडजूड खाकी पाकीट जागच्या जागी होतं. सरांचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री म्हणून त्यांनी ते उचलून वजन पाहिलं, आणि नेमकी तेव्हाच बाहेर पावलं वाजली.

चोर! सरांनी कपाट ढकलून लावलं आणि ते मॅडमच्या टेबलाखाली घुसले. पाकीट हातातच राहिलं.

आत आले ते शाळेचे शिपाई, सोमनाथमामा. त्यांनी पाण्याचा जग भरला, टेबल पुसायला फडकं हातात घेतलं, आणि एवढ्यात मैदानावर राष्ट्रगीत सुरू झालं. मामा होते तिथंच सावधान उभे राहिले.

सर टेबलाखाली. आता एकोणीस वर्षं पोरांना ‘राष्ट्रगीत लागलं की असाल तिथं उभे राहा’ हे शिकवणाऱ्या माणसाला टेबलाखाली बसून राहवतं थोडंच? सरांच्या मनानं नको म्हटलं, पण पाय आपोआप ताठ झाले. टेबलाच्या पलीकडून आधी त्यांचं डोकं वर आलं, मग खांदे, मग पोटाशी धरलेलं पाकीट.

दोघं समोरासमोर सावधान उभे होते. मामांचे डोळे विस्फारले, पण ओठ हलले नाहीत. सरांच्या कपाळावरून घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, पण त्यांनी तो पुसला नाही. त्या बावन्न सेकंदांत सरांना आपली नोकरी, पेन्शन, घराचे हप्ते आणि आफरीनचा चेहरा असं सगळं दिसलं. राष्ट्रगीत संपलं. मामांनी तोंड उघडलं आणि राज्यगीत सुरू झालं. मामांनी तोंड मिटलं.

तेही संपल्यावर मामा म्हणाले, “सर, पोट बिघडलंय म्हनला होता ना तुमी?”

“हो. म्हणजे… हे तसं नाही, मामा.”

“मग कसंय? टेबलाखाली काय करत व्हता? आन हे पाकीट मॅडमच्या कपाटातलं हाय, व्हय का नाय?”

“मामा, मी चोर नाही!”

“मी कुठं म्हनलं?” मामा दाराला पाठ लावून उभे राहिले. “पर मॅडम येस्तोवर हलायचं नाय.”

मॅडम आल्या. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग पाकिटाकडे, आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी मामांना बाहेर पाठवून दार लावून घेतलं. सर मनातल्या मनात आयुष्यभराच्या चुकांची माफी मागू लागले.

“सर,” मॅडमनी हळूच विचारलं. “तुम्ही ते उघडून पाहिलं?”

“नाही मॅडम! शपथ घेऊन सांगतो. पेपर चोरीला जाणार होते, म्हणून मी फक्त…” आणि सरांचा बांध फुटला. अ‍ॅप, कादंबरी, दोन तारे, पाच तारे, उद्याच करून बघायला हवं, सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. सांगितलं नाही ते फक्त राणीचं मूळ.

मॅडम खुर्चीत बसल्या. “म्हणजे निशाचर तुम्ही?”

“तुम्हाला निशाचर माहीत आहे?”

“पुस्तकप्रेमी मीच आहे हो.”

सरांना आता खरोखरच आधाराची गरज होती. त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली.

“पण मॅडम, उद्याच करून बघायला हवं म्हणजे?”

“माझ्या कादंबरीत!” मॅडम एकदम लाजल्या. “मीही लिहितेय. चोरीचंच आहे. चौथ्या प्रकरणात सगळं अडकून बसलंय. तुमचं उत्तर वाचलं आणि वाटलं, जमेल. म्हणून तर आज वही पाकिटात घालून शाळेत आणली. पेपर छापखान्यातून सोमवारी सकाळी यायचेत.” मग त्यांनी आवाज खाली आणला. “पण काय हो, ती चषकात किल्ली ठेवणारी बाई कोण? असली माणसं मुख्याध्यापिका होतातच कशी?”

बोलता बोलता त्यांनी समोरच्या चषकात हात घालून किल्ली काढली आणि कपाट नीट लागलंय का ते पाहिलं.

“आहेत एक,” सर चषकावरची नजर काढत म्हणाले. “बिडकीनच्या शाळेत.”

“तरीच. आपल्याकडं असलं चालणार नाही.” मॅडमनी सरांच्या हातातलं पाकीट घेऊन सुतळी सोडली आणि वही त्यांच्यापुढं सरकवली. पदराचं टोक त्यांच्या बोटांत गोल गोल फिरत होतं. “पहिलं प्रकरण वाचा. आजवर कुणालाच दाखवलं नाही. मला फार भीती वाटते हो लोक काय म्हणतील त्याची. पण खरं सांगा. मी नाही का दोन तारे दिले?”

सर वाचू लागले. एका राजवाड्यात एक कारकून होता. तो स्वतःच्या सावलीला बघून दचकायचा, दाराजवळची खुर्ची पकडून बसायचा आणि काही विचारलं की आधी म्हणायचा, ‘हे तसं नाही.’ सरांनी दहा पानं वाचली. भाषा खरोखर छान होती, आणि मॅडम समोर श्वास रोखून बसल्या होत्या. सरांना त्यांची दया आली. पण वाचकाच्या खऱ्या मताचं दुःख ते कालच भोगून बसले होते, आणि आता पाळी मॅडमची होती.

“उत्तम आहे, मॅडम,” वही मिटत ते म्हणाले. “तो कारकून तेवढा पटत नाही. इतका घाबरट माणूस खऱ्या आयुष्यात कुठं असतो?”

मॅडमनी आधी त्यांच्याकडे, मग दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. मग पेन उघडून वहीच्या समासात त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं.

“हे कारकुनाच्याच तोंडी घालते,” त्या म्हणाल्या.