कोबेच्या बाईचं अपहरण

"असा मेंदू कोकणपट्टीत शंभर वर्षांतून एकदा निपजतो, आणि सध्या तो रत्नागिरीजवळ नाचणे गावात राहतो," असं काशीराम तांबे स्वतःच सांगत. दुसरं कोणी सांगेल म्हणून वाट बघण्याइतका वेळ त्यांच्याकडे नव्हता. गरुडाची नजर, मांजराची पावलं आणि भरतीआधीच्या समुद्राची शांतता, हे त्यांनी स्वतःत शोधून काढलेले तीन गुण. नजरेला जाड चष्मा होता. पावलांत करकरणारी चप्पल होती. शांततेचा विषय निघाला की त्यांची बायको सुंदराबाई उठून आत जात असे.

नोकरीत असताना ते एसटीच्या हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसत. छत्र्या, डबे, एकदा तर जिवंत कोंबडी, सगळं आपणहून त्यांच्यापर्यंत पोहोचत असे. यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की हरवलेली वस्तू आपल्याकडे ओढली जाते. निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणातल्या पपईला 'तांबे तपास' अशी पाटी ठोकली.

सुंदराबाईचा धाकटा भाऊ अमरदीप हा त्यांचा सहायक. या पदासाठी लागणारी पात्रता एकच होती: त्याच्याकडे स्कूटर होती.

अमरदीपचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. एकदा भाट्याच्या पुलापलीकडून आप्पा भाटकरांचा रेकॉर्डप्लेअर दुरुस्तीला आला आणि त्याच्या आयुष्यात शनिवार आला. आप्पा बोटीवर खानसामा होते. बाकीचे खलाशी बंदरात उतरले की घड्याळं आणि अत्तरं घेत. आप्पा जुन्या बाजारात जाऊन गाण्याची एक छोटी तबकडी घेत, एका बाजूला एक गाणं असलेली. हॅम्बुर्ग, लिस्बन, मोंबासा, ओडेसा, कोबे. साठ-सत्तरच्या दशकातली ही गाणी सागवानी पेटीत बंदरांच्या क्रमाने उभी असत. त्यांतल्या एकाही भाषेचा शब्द आप्पांना कळत नव्हता आणि त्यांचं काही अडलंही नव्हतं.

दर शनिवारी संध्याकाळी पडवीत ही गाणी लागत. अमरदीपचा जीव कोबेच्या बाईवर. तिचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. सुरुवातीला ती हळू गाई, मग एकदम आवाज चढवी.

"रडतेय बिचारी," आप्पा म्हणत. "नवरा बोटीवर गेलाय."

"नाही ओ आप्पा, जेवायला बोलावतेय. दोनदा हाक मारलीन, कोणी येत नाही म्हणून तिसऱ्यांदा ओरडतेय."

"तुला काय कळतं रे जपानी?"

"तुम्हाला कळतं?"

हा वाद वर्षानुवर्षं चालू होता आणि दोघांनाही तो संपायला नको होता.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी काशीरामांना आप्पांचा फोन आला. कोबेचं पाकीट पेटीत होतं, आत तबकडी नव्हती.

काशीराम भिंग घेऊन हजर झाले. पाकीट उलटं करून झटकलं, हुंगलं, उजेडात धरलं. "पाकीट रिकामं आहे," त्यांनी जाहीर केलं.

"ते मीच तुला फोनवर सांगितलं," आप्पा म्हणाले.

"तुम्ही सांगितलंत. मी सिद्ध केलं." त्यांनी डोळे मिटले. "काल संध्याकाळी कोण कोण होतं? मी, तुम्ही, अमरदीप. वहिनींनी फणस फोडला. मग मस्कतहून तुमच्या मुलीचा फोन आला, तुम्ही आत गेलात. अमरदीप स्कूटर वळवायला गेला. तबकड्या मी स्वतः आवरल्या. म्हणजे तोपर्यंत सगळं सुरक्षित होतं. चोरी त्यानंतर झाली!"

आप्पांची बायको, कमळाकाकू, दारात उभ्या होत्या. "काशीराम, काल तेल न लावताच फणसात हात घातलात. चीक गेला का?"

"वहिनी, तेलकट बोटांचे ठसे उमटतात. गुप्तहेराने ठसे सोडायचे नसतात."

"वर्तमानपत्राचं अर्धं पान हाताला चिकटवून घरी गेलात ते."

"तपासाशी संबंध नसलेले तपशील नकोत," काशीराम म्हणाले.

पहिला संशय आंतरराष्ट्रीय टोळीवर गेला. परदेशी माल परदेशी माणूसच घेणार, आणि रत्नागिरीत आलेला परका माणूस गणपतीपुळ्याला जातोच, म्हणून दोघे स्कूटरवरून गणपतीपुळ्याला गेले. किनाऱ्यावर टोपीवाला एक गृहस्थ दिसला. त्याच्या काखेत गोल, चपटी पिशवी होती.

"कोबे!" काशीराम त्याच्या कानात कुजबुजले.

"कोबी? नाही ओ, भाजी नाही. भिड्याचा तवा आहे, ओतीव लोखंडाचा," माणूस घाबरून म्हणाला. "पालीच्या बाजारात घेतला. आई म्हणते, तांदळाचे घावणे यावरच सुटतात. बाकीच्या तव्यांवर दोन दोन चिकटतात."

त्याने तवा काढून दाखवला. काशीरामांनी तो भिंगातून दोन्ही बाजूंनी तपासला आणि यावर गाणं नाही अशी खात्री करून परत दिला. परतताना ते म्हणाले, "माणूस निर्दोष आहे. पण घावण्यांचा उल्लेख त्याने विनाकारण केला. लक्षात ठेव." अमरदीपने ते लक्षात ठेवलं नाही. त्याला पेट्रोल भरायचं होतं.

दुसरा संशय उंदरांवर गेला. पेटीमागे पिंजरा लावला. त्यात काशीरामांची चप्पल अडकली.

तिसरा सिद्धांत मात्र जड गेला. कोबेच्या तबकडीचं मधलं भोक मोठं होतं, चांगलं पेढ्याएवढं. ती लावायची तर भोकात प्लास्टिकची एक चकती बसवावी लागे. ती चकती आप्पांच्या टेबलावर जशीच्या तशी पडली होती.

"चोराने तबकडी नेली, चकती नेली नाही," काशीराम पडवीत येरझाऱ्या घालत म्हणाले. "का? कारण चोराकडे स्वतःची चकती आहे! आता विचार करा. अख्ख्या रत्नागिरीत अशी चकती आणखी कोणाकडे—"

ते थांबले. अमरदीपच्या हातात स्कूटरची किल्ली होती आणि किल्लीला पिवळी चकती लटकत होती. रेकॉर्डप्लेअर दुरुस्त केला त्या दिवशी आप्पांनीच ती त्याला दिली होती.

"भावोजी, काहीतरीच काय!"

"तर्काला मेव्हणा नसतो," काशीराम म्हणाले. हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की ते पुन्हा म्हणाले.

आप्पांनी कोबेचं रिकामं पाकीट पेटीत ठेवलं. "तुला ती बाई फार आवडायची," ते म्हणाले. "एक दिवस घरी नेऊ का, असंही विचारलं होतंस."

"विचारलं होतं. चोरणारा विचारतो का?"

आप्पांनी पेटीला कुलूप घातलं आणि पाठमोरेच म्हणाले, "शनिवारी येऊ नकोस."

त्या आठवड्यात अमरदीपने तीन मिक्सर उलटे जोडले. चोर ठरल्याचा राग होताच. त्याहून वाईट म्हणजे शनिवार संध्याकाळचं काय करायचं ते त्याला सुचेना. शेवटी तो चकती परत द्यायला निघाला. शनिवारी संध्याकाळीच निघाला, सवय.

पडवीत काशीराम आधीच उभे होते. "या, आरोपी! आता गुन्ह्याचं पुनर्निर्माण होईल. सगळे आपापल्या जागी बसा."

अमरदीपने चकती आप्पांपुढे ठेवली. "ही तुमची. मी निघतो."

"बस," कमळाकाकू आतून ओरडल्या. "फणस फोडलाय. चोर असलास तरी खाऊन जा."

अमरदीप पायरीवर टेकला. काशीरामांनी हुकूम सोडला. "त्या दिवशी शेवटी काय लावलं होतं?"

"कोबे," आप्पा नाइलाजाने म्हणाले. "त्याआधी लिस्बन. कुलूप घातल्यापासून पेटी उघडलेली नाही."

"मग लिस्बन काढा!"

आप्पांचे गुडघे त्यांना लवकर उठू देत नव्हते. काकूंनी कुलूप उघडलं, लिस्बनचं पाकीट काढलं, तबकडी बाहेर घेतली आणि हातावर तोलली.

"ही एवढी जड कशी?"

"पोर्तुगीज लोक धष्टपुष्ट असतात," काशीराम म्हणाले.

काकूंनी तबकडी डोळ्यांजवळ नेली, कडेवरून नख फिरवलं, मग हुंगली. "अहो, हे दोन घावणे चिकटलेत."

"काय?"

"दोन आहेत या. चिकाने चिकटल्यात." त्यांनी तबकडी उलटी केली. पेढ्याएवढ्या मोठ्या भोकाच्या आत लिस्बनचं छोटं भोक दिसत होतं. काकूंनी ती तशीच प्लेअरवर ठेवून सुई टेकवली. कोबेची बाई हळू आवाजात गायला लागली.

मग आप्पांची, काकूंची आणि अमरदीपची नजर एकाच वेळी काशीरामांच्या बोटांकडे वळली. काशीरामांनी हात पाठीमागे घेतले.

"तबकड्या मी स्वतः आवरल्या, असं कोण म्हणालं होतं?" अमरदीपने विचारलं.

"मेल्या, मधोमध धरून उचलल्यास!" आप्पा कडाडले. "फणसाच्या हातांनी! कडेला धरायची असते!"

"माझा सिद्धांत असा," काशीराम घसा साफ करून म्हणाले, "की तबकडी घराबाहेर गेलेलीच नाही."

"हा कधीपासूनचा?"

"आत्तापासूनचा. आणि पुनर्निर्माण कोणी करायला लावलं, हेही नोंदवलं जावं."

काकूंनी सुई उचलली. खोबरेल तेलाचा बोळा कडेकडेने फिरवून त्या तबकड्या मांडीवर धरून बसल्या. थोड्या वेळाने दोन्ही हलकेच सरकल्या, जसे तव्यावरून घावणे सरकतात. मग साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून त्यांनी त्या जुन्या साडीच्या मऊ तुकड्याने टिपल्या.

आप्पांनी पिवळी चकती उचलली, कोबेच्या भोकात बसवली आणि तबकडी प्लेअरवर ठेवली. त्यांची स्वतःची चकती हाताशीच होती. माफी मागायची सवय त्यांना कुठल्याच बंदरात लागली नव्हती. बाई हळू गायली, पुन्हा गायली, मग तिसऱ्यांदा तिने आवाज चढवला.

अमरदीप मान खाली घालून पायरीवर बसला होता.

"जेवायलाच बोलावतेय रे ती," आप्पा म्हणाले.

अमरदीपने वर पाहिलं. आप्पा सुईकडे बघत होते.

"नाही ओ आप्पा," तो म्हणाला. "नीट ऐका. थोडी रडतेय."

"मूर्ख आहेस. जेवायला बोलावतेय."

"दोघेही चूक," काशीराम पुढे सरसावले. "हा गुप्त संदेश आहे. तिसऱ्या हाकेत—" बोलता बोलता त्यांचा हात फणसाच्या ताटाकडे गेला.

काकूंनी तेलाची वाटी मध्ये सरकवली.

काशीरामांनी एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा काकूंकडे. मग कोकणपट्टीतल्या त्या दुर्मीळ मेंदूने, एक अक्षर न बोलता, दहाही बोटं तेलात बुडवली.